मुख भलतेच आहे

माबेला, मस्कत
१६ ऑगस्ट २०१३

तीर्थस्वरूप दादास,
शीलाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. उन्हाने मात्र जीव नकोसा केलाय. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि वहिनी मधे पडली की निम्मा निरोप ती स्वतःच्या पदरचा सांगते, म्हणून सुट्टीवर निघालेल्या जहूरलाच पुन्हा गाठलं. तो शनिवारी राजापूरला पोचेल. त्याच्याकडे पेंडखजूर दिलाय, तो तुझ्या साखरेला चालणार नाही. बरणी वहिनीच्या हातात द्यायची असं त्याला बजावलंय.

आता मुद्द्याचं. खाली बस आणि मग वाच. गेल्या मंगळवारी वादी कबीरच्या आमच्या लाकूडकामाच्या दुकानात एक भलीमोठी गाडी येऊन उभी राहिली. दोन माणसांनी चादरीत गुंडाळलेलं एक चित्र आत आणलं. मागून एक पस्तिशीचा गृहस्थ आला. नाव कौशिक इनामदार, इथल्या एका बांधकाम कंपनीत मोठा साहेब. चित्राची चौकट वाळवीने खाल्ली आहे, नवी करायची, तीही सागवानाची, असं त्याने ह्यांना सांगितलं. गाव विचारलं तर आपलंच गाव! दादा, इनामदार म्हणजे तेच इनामदार. त्यांच्या पणजोबांनी आपल्या पणजोबांवर नथ चोरल्याचा आळ घेतला आणि चार पिढ्या आपण नथचोर म्हणून मिरवतोय. शाळेत माझ्या दप्तरावर कुणीतरी खडूने नथ काढली होती, ते अजून विसरले नाही मी. आणि हल्ली इथे मस्कतलाच असलेल्या ह्याच कौशिकच्या आईने गेल्या वर्षी आपल्या शिवांगीचा साखरपुडा मोडला. मुलगा तिच्या माहेरचा. तिने जाऊन सांगितलं की नथचोरांच्या घरची मुलगी आणाल तर दागिने मोजून ठेवा. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी काही बोलले नाही. ह्यांचं आडनाव वेगळं, माझं माहेर त्याला कुठून माहीत असणार? चादर काढली. नऊवारी नेसलेली, चौरंगावर बसलेली बाई, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. कौशिक अभिमानाने सांगत होता की ही आमची पणजी, हे चित्र एका मोठ्या चित्रकाराने काढलंय, दर अविधवा नवमीला आम्ही ह्याच्यापुढे नैवेद्य ठेवतो. चित्रकाराचं नाव मात्र त्याला ठाऊक नव्हतं. खाली कोपऱ्यात आपल्या पणजोबांची सही आहे, ती मी ओळखली. पण त्याहून मोठी गोष्ट सांगते. तो चेहरा बघून माझ्या हातातला टेप खाली पडला. शिवांगीच बसली आहे रे ती, शालू नेसून! तीच हनुवटी, तेच जरा खाली उतरलेले डोळे. आपला सुतार उस्मान रत्नागिरीचा, त्याने माझ्याकडे आणि चित्राकडे दोनदा बघितलं आणि मान खाली घालून खिळे उपसायला लागला.

मागची फळी निघाली तसा आतून एक घडीचा कागद पडला. मोडी लिपी, शेवटी पुन्हा पणजोबांचीच सही. कौशिक तर नाचायचाच बाकी राहिला. मोडी त्याला येत नाही, मलाही चार-दोन अक्षरांपलीकडे नाही. पण सुरुवातीला सेवेशी एवढं मला लागलं, ते मी त्याला सांगितलं. त्यावरून त्याने ठरवूनच टाकलं की हे चित्रकाराने धन्याला लिहिलेलं आभाराचं पत्र आहे. तेही काचेत मढवून चित्राखाली लावायचं म्हणतो.

ह्या पत्राची फोटोकॉपी सोबत पाठवते आहे. तू मोडी आपल्या मराठीसारखी वाचतोस. नथीबद्दल एक अक्षर जरी त्यात असेल ना दादा, तर त्या बाईला मी अख्ख्या मस्कतसमोर उभी करीन. लवकर वाच, लवकर कळव.

वहिनीला नमस्कार. शिवांगीला सांग, आत्या गप्प बसलेली नाही.
तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी
शीला

&nbsp;

राजापूर
२७ ऑगस्ट २०१३

चि. सौ. शीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आणि कागद पोचले. खजूरही पोचला, आणि तो कुलपात गेला. असो.

कागद पाहिला. झेरॉक्स फिकट आली आहे, शिवाय मूळ कागद घडीवर फाटलेला दिसतो. बरीच अक्षरं लागत नाहीत. चित्राबद्दल काही विचारणा आणि त्याचं उत्तर, असा एकूण रोख आहे. नथीचं म्हणशील तर त्यात नथीचा उल्लेख असेल-नसेल, आज त्याने काय होणार? ज्यांनी आळ घेतला ते गेले, ज्यांच्यावर घेतला तेही गेले. तू त्यांची चौकट नीट करून दे, मजुरी घे आणि मोकळी हो. हे चित्र आपल्या पणजोबांच्या हातचं आहे, एवढ्यानेच मला फार बरं वाटलं. जमलं तर एक फोटो पाठव. रंग कसे टिकलेत ते बघायचं आहे. निळा त्या काळी लवकर उडायचा.

शिवांगीचं मी सांभाळतो आहे. ती शाळेत शिकवते, संध्याकाळी माझ्याकडे मोडी वाचायला बसते. त्या प्रकरणानंतर बोलणं कमी झालंय तिचं, पण हात चांगला बसलाय. तिच्या नावाने तिथे कुठे तोंड उघडू नकोस. एकदा तोंडातून गेलेलं परत आणता येत नाही.

पावसाने यंदा भाताला साथ दिली. तुझी वहिनी गुडघ्याने बेजार आहे.

जावईबापूंना नमस्कार. आमच्यावर आहे तसाच जीव असू दे.

तुझा
जनार्दनदादा

&nbsp;

राजापूर
२८ ऑगस्ट २०१३

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, बाबांनी तुला जे लिहिलंय ते खोटं आहे. पाकीट चिकटवायला त्यांनी माझ्याकडेच दिलं, आणि मी उघडून वाचलं. रागाव हवं तर. झेरॉक्स स्वच्छ आहे. रविवारी त्यांनी ती दुपारभर वाचली, मग देवाच्या पुस्तकाखाली ठेवली आणि जेवले नाहीत. आईला वाटलं पित्त झालं. सोमवारी ते बाजारात गेल्यावर मी ती काढली आणि ओळीवर ओळ देवनागरीत उतरवून घेतली. कुटुंब म्हणजे जुन्या भाषेत बायको, हे तुला ठाऊक असेल. म्हणजे ती आपली रखमाबाई, माझी खापरपणजी. वाच.

श्रीमंत इनामदार साहेब यांचे सेवेशी विज्ञापना ऐसी जे, आपले पत्र पावले. चित्र उत्तम परंतु मुख भलतेच आहे, हे कोणाचे, असे आपण पुसले. तरी खरे ते लिहितो. बाईसाहेबांचे हात व पाय पडद्याआडून पाहिले तितके त्यांचेच आहेत. मुख पाहण्याची आपली आज्ञा नव्हती, आणि पुढे त्या राहिल्या नाहीत. मुखाकरिता मी माझे कुटुंबास आपली नथ घालून बसविले. चूक माझी. चित्र जाळावे, दुसरे करून देतो, असे मी म्हटले होते. ते आपण न ऐकता उलट लिहिले की, जिचे मुख तिला आठ दिवस आमचेकडे धाडावी. नथ परत केली ती, तिचेच नाकी शोभते म्हणोन, माघारी धाडली. ती मी आपले माणसादेखत खाडीत टाकिली. माझे कुटुंब येणार नाही. आता आपण गावात मला नथचोर म्हणविता. म्हणवावे. परंतु चित्र आपले भिंतीवर आहे. त्यापुढे आपण व आपले वंशज हात जोडाल, ते माझे कुटुंबास जोडाल, हे ध्यानी असावे. शके १८१७, कार्तिक वद्य नवमी.

कळलं ना? ज्या घराने मला नथचोर ठरवून माझं लग्न मोडलं, ते घर एकशे अठरा वर्षं माझ्या खापरपणजीपुढे नैवेद्य ठेवतंय! मी हे वाचून आधी हसले. इतकं हसले की आई धावत आली. मग रडले.

बाबा म्हणतील गप्प बस. ते आयुष्यभर गप्पच बसले. साखरपुडा मोडला तेव्हाही त्या लोकांना चहा करून दिला. माझ्या लग्नाचं मला काही नाही आत्या, तो मुलगाही काही मोठा लागून गेला नव्हता. पण भरल्या मांडवात माझ्या हातातल्या बांगड्या मुलाची मावशी मोजत होती, खऱ्या किती नि खोट्या किती. ते मला सहन होत नाही. तू काय करशील ते कर. फक्त अर्धवट करू नकोस.

बाबांना मी लिहिलंय हे कळवू नकोस.
तुझी भाची आहे, तेवढं मनात धर.

शिवांगी

&nbsp;

माबेला, मस्कत
१५ सप्टेंबर २०१३

चि. शिवांगीस,
अ. उ. आ.

पोरी, शाबास! पत्र वाचलं तेव्हा मी दुकानात होते. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून मी ते पुन्हा वाचलं. मग ह्यांना वाचून दाखवलं. हे मुळातले सरळ, म्हणाले की त्या माणसाला बाजूला घेऊन सांगून टाक. बाजूला घेऊन! आपल्याला काय बाजूला घेऊन नथचोर म्हणत होते?

आता ऐक. देवाने माझी वाट कशी मोकळी करून दिली ते. कौशिक मागच्या आठवड्यात चौकट बघायला आला. मोडी कुणाला वाचता येणार, म्हणून पत्राची देवनागरी प्रत सुंदर अक्षरात करून शेजारी लावा, म्हणजे पाहुण्यांना वाचता येईल, असं त्यानेच सुचवलं. मी म्हटलं, भारतात माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, अक्षर मोत्यासारखं. तो खूश. मग विचारतो, पत्रात साधारण काय आहे? मी खोटं नाही बोलले हो. म्हटलं, चित्रकाराने लिहिलंय की तुम्ही आणि तुमचे वंशज ह्या चित्रापुढे हात जोडाल. गडी एकदम भारावला! त्याचा जन्म इथला, शिक्षण इंग्रजीत, मराठी बोलतो ते तोडकंमोडकं. जुनी भाषा तो कशाला वाचत बसतोय! आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

पुढे ऐक. २८ तारखेला, शनिवारी अविधवा नवमी. पितृपक्षात कसला समारंभ असं मी म्हटलं, तर कौशिकच्या आई, त्याच त्या बाई, म्हणाल्या की सासूबाईंच्या सासूबाई सवाष्ण गेल्या, हा दिवस त्यांचाच, आमच्याकडे कधी चुकला नाही. कुरमच्या त्यांच्या घरी नव्या चौकटीतलं चित्र लावायचं, मराठी मंडळाची वीस-पंचवीस माणसं बोलवायची आणि एक सवाष्ण जेवू घालायची. आणि त्यांची ठरलेली सवाष्ण गेली सुट्टीवर पुण्याला. बाईंनी मला ह्यांचं आडनाव विचारलं, त्यांच्या मनासारखं निघालं, आणि मलाच आमंत्रण दिलं! शिवांगी, अविधवा नवमीला सवाष्ण गेलेलीच्या जागी बसते. तिला जेवायला वाढून, ओटी भरून घरातल्यांनी तिच्या पाया पडायचं असतं. ती बाई माझ्या पाया पडणार आहे, रखमाबाई म्हणून. कुणी सांगितलं असतं तर मी खोटं मानलं असतं.

तर तू आता एक कर. जाड कागदावर, काळ्या शाईने, टपोऱ्या अक्षरात प्रत कर. वाचणाऱ्याला लांबून लागली पाहिजे. जहूरचा भाचा २३ ला येतोय, त्याच्याकडे पुठ्ठ्यात घालून दे. दादाला ह्यातलं काही कळता कामा नये. तो कळवळून लिहील आणि माझे हात गळतील. माझं मला माहीत आहे.

नीट खा-पी. अशीच माझी राहा.

तुझी
आत्या

&nbsp;

माबेला, मस्कत
२९ सप्टेंबर २०१३

तीर्थस्वरूप दादास,
शीलाचा शि. सा. न. वि. वि.

दादा, कालची सगळी हकीकत सांगते. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली ती आधी कबूल करते. पणजोबांच्या पत्रात काय आहे ते मला कळलं होतं. शिवांगीला बोलू नकोस, मीच तिला भरीला घातलं. आता ते सगळ्यांना कळलंय. खलास!

काल सकाळी उस्मान आणि मी चित्र घेऊन कुरमला गेलो. आधी भिंतीवर चित्र चढवलं, खाली डावीकडे मोडी पत्र, उजवीकडे शिवांगीच्या अक्षरातली प्रत. काच इतकी पुसली होती की तोंड दिसावं. उस्मानला मी खाली गाडीत थांबायला सांगितलं. मी हिरवी नऊवारी नेसले होते. बारा वाजता पान वाढलं. खीर, वडे, अळूचं फतफतं, आमसुलाची चटणी. खरं सांगते, स्वयंपाक उत्तम होता. कौशिकची बायको आकांक्षा वाढत होती. चांगली मुलगी आहे, प्रत्येक घासाला आणखी वाढू का म्हणून विचारत होती. मी दोन वाट्या खीर खाल्ली.

मग बाईंनी माझी ओटी भरली. कुंकू लावलं, पदरात नारळ घातला. आधी चित्रासमोर डोकं टेकवलं आणि मग वाकून माझ्या पायांना हात लावला. गुडघे दुखतात त्यांचे, उठताना माझाच हात धरावा लागला. दादा, त्या क्षणाला मला वाटलं की इथेच थांबावं का. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण तेवढ्यात शेजारच्या बाईला त्या सांगायला लागल्या की आमच्या घराण्यात चित्रकार आश्रयाला असत, पण माणसं हलकी, एकाने तर आमची नथ लांबवली होती. माझ्या कपाळावरचं कुंकू वाळलं नव्हतं अजून! संपलं मग माझं थांबणं.

मंडळाचे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, नाटकात कामं करणारे. मी त्यांना म्हटलं की काका, आवाज तुमचा, पत्र तुम्हीच वाचा. ते चष्मा सावरून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. मुख भलतेच आहे ह्यावर लोक हसले, त्यांना वाटलं जुन्या लोकांची गंमत. माझे कुटुंबास बसविले इथे हसणं थांबलं. आठ दिवस आमचेकडे धाडावी इथे काका अडखळले आणि बाईंकडे बघायला लागले. बाई ओरडल्या की बंद करा. आणि कोण बोललं असेल? आकांक्षा! हातात खिरीचं भांडं, म्हणाली की काका, पूर्ण वाचा. काकांनी पूर्ण वाचलं. वंशज हात जोडाल ते माझे कुटुंबास जोडाल, इथपर्यंत.

बाईंनी मला विचारलं की तू कोण आहेस. मी उभी राहिले. म्हटलं, जनार्दन मास्तरांची बहीण, शिवांगीची आत्या, नथचोराची पणती. चित्राकडे नीट बघा, गेल्या वर्षी तुम्ही ज्या मुलीच्या बांगड्या मोजायला लावल्या तिचंच तोंड आहे ते. बाईंना दिसतं कमी, पण त्या बघत राहिल्या. त्याच्या सासऱ्यांनी पादत्राणं घातली आणि निघाले, मग एकेक करून सगळे. बाई शेवटी म्हणाल्या की घेऊन जा तुझी बाई, माझ्या भिंतीवर नको.

मी तेच म्हणणार होते. उस्मानला हाक मारली. यल्ला, चल, म्हणायच्या आत त्याने चित्र उतरवलं. ओटी पदरात तशीच, आणि रखमाबाई पिकअपमध्ये. वाटेत उस्मान मान हलवत म्हणाला की भाभी, आपने तो कमाल कर दिया. अख्ख्या रस्त्याने मी हसत होते. आता ती माझ्या बैठकीच्या खोलीत आहे.

आता तू गावात ताठ मानेने फीर. कुणी नथचोर म्हणालं तर सांग, नथ खाडीत आहे, बुडी मारा. दिवाळीत येईन तेव्हा चित्राचा मोठा फोटो आणते. निळा अजून उडालेला नाही.

रागावला असशील तरी जीव लाव.

तुझी
शीला

&nbsp;

राजापूर
९ ऑक्टोबर २०१३

चि. सौ. शीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आधी बातमी पोचली. मस्कतला शिंकलं की राजापुरात रुमाल निघतो अशी हल्लीची गत आहे. पहिले दोन दिवस मी खरंच ताठ मानेने फिरलो. माझे जुने विद्यार्थी घरी आले, पणजोबांची आणखी चित्रं कुठे आहेत का विचारायला. एकाने पेढे आणले. साखरपुडा मोडलेल्या त्या मुलाच्या घरूनही दोघे निरोप घेऊन आले की झालं गेलं विसरा, आम्ही पुन्हा यायला तयार आहोत. शिवांगीने त्यांना बसायलाही सांगितलं नाही, पायरीवरूनच वाटेला लावलं. मला वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी दाढी करायला गेलो. मला ऐकू येत नाही म्हणून लोक माझ्यासमोर मोकळेपणी बोलतात. गेली बारा वर्षं मी ओठ वाचतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आरशात मला बाकावरची दोन माणसं दिसत होती. एक म्हणत होता की आठ दिवस बोलावली होती, मग गेली नसेल कशावरून? त्या काळी इनामदाराला नाही म्हणायची कुणाची छाती होती? दुसरा म्हणाला की मास्तरांच्या आजोबांचं नाक आठवतं का, थेट इनामदारी नाक. दोघे हसले. मी अर्ध्या दाढीने उठून आलो. तुझ्यासारखं तोंड मला दिलेलं नाही.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. पण आता तुला एक सांगणं भाग आहे. पत्र लागत नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. मला ते पहिल्याच वाचनात लागलं. तुम्ही जे भिंतीवर लावलंत ते सगळं पत्र नव्हे. शके आणि तिथीच्या खाली आणखी चार ओळी आहेत. त्या शिवांगीने मुद्दाम उतरवल्या नाहीत. मी तिला समोर बसवून विचारलं तर म्हणाली, हो, सोडल्या, पुन्हा लिहायला लावलंत तर पुन्हा सोडीन. त्या ओळी अशा :

हे पत्र आपण एकट्याने वाचून जाळावे. माझे कुटुंबाचे म्हणणे ऐसे की, मला चोराची बायको म्हणोत, सुखे म्हणोत, परंतु या गोष्टीसंगे माझे नाव चारचौघांत निघता कामा नये. गाव गेली म्हणेल, गेली नाही म्हणणार नाही. तिचे शब्दास्तव मी नथचोर होऊन राहतो.

हे त्याचं ठरवणं नव्हतं शीला, तिचं होतं. नवऱ्याने ते जन्मभर पाळलं. चित्रं काढायची थांबवली, गाड्यांच्या पाट्या रंगवल्या, पण तोंड उघडलं नाही. इनामदाराने तेवढं पत्र जाळलं नाही.

प्रकृतीला जप. दिवाळीला ये, खजूर मात्र आणू नकोस.
घर तुझंच आहे, पूर्वीसारखीच येत राहा.

तुझा
जनार्दनदादा

&nbsp;

माबेला, मस्कत
२० ऑक्टोबर २०१३

तीर्थस्वरूप दादास,
शीलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा तुझाच राग आला. हे तू ऑगस्टमध्येच का नाही लिहिलंस? तेव्हा त्या ओळी पाठवल्या असत्यास तर मी काही केलं नसतं, असं मी ह्यांना तावातावाने सांगितलं. मग स्वयंपाक करताना माझं मलाच कळलं की तेव्हा कळलं असतं तरी मी थांबले नसते. शिवांगीने त्या ओळी सोडल्या. तिने सोडल्या नसत्या तर मी सोडल्या असत्या. त्या बाईने माझे पाय धरावेत एवढंच मला हवं होतं, आणि ते मला मिळालं. त्याचा आनंद अजून गेलेला नाही, हेही तुला खरंच सांगते.

बाकावरच्या त्या दोघांची नावं कळव. दिवाळीत आले की त्यांच्या दारात जाऊन बोलेन. तू मधे पडू नकोस.

शिवांगीला माझा राग नाही असं सांग. एक चुडीदार पाठवलाय, निळा. वहिनीच्या गुडघ्याला इथलं मलम पाठवलंय, रात्री चोळून लावायचं.

तू चित्राचा फोटो मागितला होतास. ह्या खेपेला जमलं नाही. पत्र आल्यापासून रखमाबाईला मी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. ह्यांनी विचारलं असं का ठेवलंस, तर मी म्हटलं, व्हार्निश वाळतंय.

माझ्यावरची माया काढून घेऊ नकोस.

तुझी
शीला